पहिल्या कप्प्याचं नाणं

अमेरिकेची जुनी चांदीची नाणी जमवणारा माणूस म्हणजे सुटाबुटातला, हातात भिंग धरलेला कुणीतरी असणार, असं लोकांना वाटतं. आमचे वडील, अण्णा, तसे नव्हते. ते एसटीत कंडक्टर होते. नांदेड-लातूर रस्त्यावर उभ्यानं त्यांची सगळी नोकरी सरली. अहमदपूरच्या आमच्या घरी मात्र त्यांच्या उशाशी डॉलर असायचे. शेजारपाजारचे हसायचे. त्या वेडात घरात दोघंच होतो, अण्णा आणि मी. आई आणि माझा धाकटा भाऊ शिवशंकर आम्हा दोघांना कामातून गेलेले समजत.

वेडाची सुरुवात ठेच्यानं झाली. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला परदेशातूनही लोक येतात. अमेरिकेत शेती करणारे एक म्हातारे सरदारजी दर्शन करून बिदरच्या गुरुद्वाऱ्याला निघाले आणि चुकून अण्णांच्या गाडीत चढले. गाडी लोह्याच्या पुढं बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत दुपार कलली, तेव्हा अण्णांनी आपला डबा सोडला आणि अर्धी भाकरी सरदारजींना दिली. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. सरदारजींच्या डोळ्यांना धारा लागल्या, दाढी भिजली, पण त्यांनी ठेचा पुन्हा मागून घेतला. जाताना खिशातून एक जाडजूड चांदीचं नाणं काढून अण्णांच्या हातावर ठेवलं. अण्णा म्हणाले, मी जेवणाचे पैसे घेत नाही. सरदारजी म्हणाले, हे जेवणाचे नाहीत, मिरचीचे आहेत. पुढं ते दर्शनाला आले की अहमदपूरलाही यायचे, ठेचा खायचे आणि आणखी एखादं नाणं देऊन जायचे.

सगळी नाणी एकाच जातीची. एका बाजूला मुकुटातून किरणं फुटलेली बाई, दुसऱ्या बाजूला खडकावर बसलेला गरुड आणि त्याच्या पायाशी इंग्रजीत ‘शांतता’ असा शब्द. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांच्या सरकारनं ही नाणी पाडली. मधली काही वर्षं सोडून दहा वर्षांची नाणी आहेत, प्रत्येक वर्षाचं एक धरलं तर दहा. अण्णांकडे नऊ होती. मशीनची तिकिटं आल्यावर निकामी झालेली आपली पत्र्याची तिकीटपेटी त्यांनी डेपोतून रीतसर मागून घेतली होती. तिच्या दहा कप्प्यांना मी जुन्या ब्लाउजपीसचं अस्तर लावलं आणि अण्णांनी वर्षांच्या क्रमानं नाणी बसवली. पहिला कप्पा, एकोणीसशे एकवीसचा, तेवढा रिकामा राहिला. त्या वर्षी ठसा फार उठावाचा होता, नाणी नीट पडेनात, म्हणून पुढच्या वर्षी तो चपटा केला. त्यामुळं पहिल्या वर्षाचं नाणं मिळायला कठीण. अण्णा पेटी उघडली की दर वेळी म्हणायचे, सगळी गाडी भरली पण पहिल्या सीटवर पॅसेंजर नाही, डबल बेल कशी द्यायची?

गेल्या उन्हाळ्यात अण्णा लातूरच्या दवाखान्यात होते. बोलणं कमी झालं होतं. मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुट्टी काढून त्यांच्याजवळ बसले. त्यांना मी शब्द दिला की पहिली सीट भरून दाखवीन. त्यांनी मान हलवली आणि हसले. आठवड्याभरात ते गेले. मी काही फार भाविक बाई नाही. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द फिरवता येत नाही, कारण तो परत मागायला कुणी येत नाही.

सरदारजी तर अण्णांच्या आधीच गेले होते. त्यांच्या नातवाचा फोन नंबर मी शोधून काढला, त्याला सगळं कळवलं. तो पोरगा दसऱ्याला नांदेडला आला आणि यात्री निवासाच्या दारात त्यानं माझ्या हातावर एकवीसचं नाणं ठेवलं. आजोबांच्या मिरचीची उधारी आहे म्हणाला. त्यानं ते तिकडं कुठल्याशा लिलावात घेतलं होतं, आणि या वर्षाची खोटी नाणी बाजारात फार आहेत, तेव्हा जाणकाराला दाखवून घ्या, असं तोच म्हणाला. त्यानंतर मला धड झोप लागली नाही. खोटं निघालं तर अण्णांच्या पेटीत खोटा पॅसेंजर बसवल्यासारखं झालं असतं.

लातूरच्या गंजगोलाईत रुद्रेश नावाचा एक तरुण दुकानदार आहे. दुकान भांड्यांचं, जीव परदेशी नाण्यांत. जुन्या नाण्यांची पारख आणि किंमत करण्यात त्याचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही. अण्णा असताना काढलेला नऊ नाण्यांचा फोटो मी त्याला पाठवला होता. एका रविवारी तो अहमदपूरला घरी यायला तयार झाला. आमच्या घरी तेव्हा लग्नाची गडबड होती. शिवशंकरची मुलगी सृष्टी, तिची हळद आठवड्यावर आलेली. मी आदल्या दिवशीच नांदेडहून आले.

आमच्या घरात लग्नाच्या आधी देव उजळून आणतात. देव म्हणजे देवघरातले टाक, चांदीच्या पत्र्यावर देवाची नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाची आकृती उठवलेली असते ते. मधल्या काळात घरातला कर्ता माणूस गेला असेल तर त्याचाही टाक करून देवात बसवायचा, मगच हळद. आणि त्याची चांदी बाजारातून घ्यायची नाही. ती घरचीच पाहिजे, त्या माणसाच्या हाताखालची. आईनं पंधरवड्यापूर्वीच शिवशंकरला घेऊन सोनार गाठला होता, म्हणून देवघरात अण्णा येऊन बसलेले होते.

रविवारी सकाळी देवपूजा मीच केली. अण्णांचा टाक तळहातावर घेतला, पाण्यानं धुतला, पुसला. डोक्याला पागोटं, हातात तलवार. अण्णांनी जन्मभर तिकिटाच्या पंचाशिवाय दुसरं हत्यार धरलं नव्हतं, पण सोनाराकडे ठसा एकच असतो, त्याला तो तरी काय करणार. टाक चांगला जाडजूड होता. अण्णा अंगानं भरलेले होते म्हणून आईनंच भरीव करायला सांगितला असणार. बाकीच्या टाकांशेजारी ठेवल्यावर मात्र त्याची चांदी किंचित लालसर वाटली. मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले की सोनारानं तुला फसवलं, भेसळीची चांदी लावली. भाकरी थापण्याचा आवाज तेवढा थांबला आणि परत सुरू झाला. मी गंध लावलं, डोकं टेकवलं आणि मनात म्हणाले, अण्णा, आज पहिली सीट भरते.

रुद्रेश आला, चहा झाला आणि त्यानं पांढरा रुमाल अंथरला. हातमोजे घातले, छोटा काटा काढला, लोहचुंबक काढलं. मी एकवीसचं नाणं त्याच्यापुढं ठेवलं. शिवशंकर बाजारात अडत दुकानावर मुनीम आहे, वजनकाट्याशी त्याचा रोजचा संबंध, तोही पुढं सरकून बसला. नाणं चुंबकाला चिकटलं नाही. वजन बरोबर भरलं. मग रुद्रेशनं भिंग डोळ्याला लावलं आणि बाईचे केस, गरुडाची पिसं, कडेच्या रेघा असा प्रवास सुरू केला. शेवटी त्यानं भिंग खाली ठेवलं आणि नाणं अस्सल आहे म्हणून सांगितलं. नुसतं अस्सल नाही, बऱ्यापैकी कमी झिजलेलं.

मला रडू आलं. शिवशंकरनं माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यालाही भरून आलं होतं.

रुद्रेशनं मग किमतीचं समजावून सांगितलं. सुटी सुटी विकली तर या नाण्यांना चांदीपेक्षा थोडा जास्त भाव येतो, पण दहाच्या दहा ओळीनं असली की गोष्ट वेगळी. आणि त्यातही मानकरी दोनच, हे एकवीसचं आणि अठ्ठावीसचं. अठ्ठावीस साली सगळ्यात कमी नाणी पाडली, इमारतींच्या कोनशिलेत ठेवायला म्हणून पाडली असंही म्हणतात. फोटोत पाहिलेलं आमचं अठ्ठावीसचं नाणं इतकं चांगलं दिसत होतं की केवळ ते हातात घ्यायला तो लातूरहून आला होता. त्यानं अंदाजे आकडा सांगितला तेव्हा शिवशंकरनं हातातली बशी खाली ठेवली. विकायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पण अण्णांचं वेड वेड नव्हतं, हे चारचौघांत कुणीतरी पहिल्यांदा बोललं होतं आणि मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

मी कपाटावरून तिकीटपेटी काढली. अण्णा गेल्यापासून ती उघडण्याची हिंमत मला झाली नव्हती. झाकण उघडलं. पहिल्या कप्प्यात एकवीसचं नाणं ठेवलं, अगदी सावकाश. ओळीवरून बोट फिरवत पुढं गेले आणि अठ्ठावीसच्या कप्प्यावर बोट थांबलं.

त्या कप्प्यात आपलं दहा रुपयांचं नाणं होतं. लहान पडल्यामुळं तळाला घसरून आडवं झालेलं.

मला आधी कळलंच नाही. मी ते उचललं, उलटं केलं, परत ठेवलं. मग पेटीतली सगळी नाणी बाहेर काढली, अस्तराखाली बोटं घातली, पेटी पालथी करून आपटली. रुद्रेश जागचा उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा पडला होता. मी खाली बसले.

खाली बसल्यावर राग आला. माझा राग असाच, आधी जीभ सुटते आणि डोकं मागून धावत येतं. घरात लग्न होतं. खर्च होता. पेटी या घरात होती आणि मी नांदेडला होते. मी शिवशंकरकडे पाहिलं आणि परक्या माणसासमोर म्हणाले, “पोरीच्या लग्नाला पैसे कमी पडले तर मला मागायचे होते. बापाच्या पेटीत हात घालायला नको होता.”

शिवशंकर ओरडला असता तर बरं झालं असतं. “ताई, काय बोलून राहिलीस तू,” एवढंच तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून बसला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसत होती. तिनं पाहिलं, पेटी उपडी, नाणी रुमालावर पसरलेली, दहाचं नाणं फरशीवर पडलेलं. ते तिनं वाकून उचललं आणि कपाळाला लावलं. त्या नाण्याला हळदीकुंकू लागलेलं होतं. ते मघाशी माझ्या हातात होतं आणि मला दिसलं नव्हतं.

“त्याला कामून बोलतीस? म्या दिलं ते,” आई म्हणाली. “त्यायची जागा रिकामी दिसू न्हाई म्हणून दहाचं ठिवलं.”

कुणाला दिलं, असं मी विचारलं. आईनं देवघराकडे बोट केलं.

खरं सांगते, त्या बोटाच्या दिशेनं पाहायला माझी मान वळेना. सकाळी मी त्याला माझ्या हातानं धुतलं होतं. पुसलं होतं, गंध लावलं होतं, त्याच्यापुढं डोकं टेकून पहिली सीट भरते म्हणून सांगितलं होतं. आणि वर त्यालाच भेसळ म्हणाले होते. त्या डॉलरात दहावा हिस्सा तांबं असतं, ही गोष्ट मला अण्णांनीच शिकवली होती, आणि लालसर रंग डोळ्यांसमोर असून मला ती आठवली नव्हती.

शिवशंकरचाही चेहरा उतरला होता. सोनाराकडे तोच आईला घेऊन गेला होता, पण आईनं रुमालाच्या गाठीत काय दिलं ते त्यानं पाहिलं नव्हतं. जुने वाळे असतील असं धरून चालला होता.

रुद्रेश देवघराजवळ गेला. हातमोजे त्यानं काढून खिशात घातले होते. वाकून, हात न लावता, बराच वेळ तो टाकाकडे पाहत राहिला. बाई, मुकुट, गरुड, खडक, शांतता, सगळं आटून गेलेलं आणि त्या जागी पागोटं घातलेला माणूस. त्यानं जे नाणं बघायला एवढा प्रवास केला होता, त्याला त्यानं शेवटी नमस्कार केला आणि येऊन खाली बसला.

मी आईला विचारलं की नऊ नाणी होती, मग हेच का. त्या नऊमधली बाकीची आठ तर काही विशेष नव्हती. कुठलंही दिलं असतं तरी चाललं असतं. मी हे चढ्या आवाजात विचारलं, मला थांबवताच येईना.

आई माझ्यासमोर बसली. तिला राग आला नव्हता, तिला नवल वाटत होतं. एवढं शिकलेल्या मुलीला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं.

“दवाखान्यात जाताना त्यायनी तेच एक बरुबर घेतलं व्हतं. उशीखाली ठिवायचे. शेवटच्या दिशी मुठीत व्हतं, म्या मूठ सोडवली.” तिनं स्वतःची मूठ मिटून उघडली. “त्याच्यात जीव व्हता त्यायचा. दुसऱ्या कोणत्या चांदीत उतरले असते का ते?”

मी लातूरच्या त्या खोलीत बसून होते, पहिल्या सीटच्या गोष्टी करत होते. अण्णांच्या मुठीत काय होतं ते मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. तिला साल माहीत नव्हतं, किंमत माहीत नव्हती, पण नऊ नाण्यांमधून तिनं नेमकं तेच निवडलं होतं. अण्णांनी ते किमतीसाठी जवळ ठेवलं की आणखी कशासाठी, हे मला कधीच कळणार नाही.

मी शिवशंकरजवळ जाऊन बसले आणि चुकले म्हणाले. तो मान फिरवून बसला होता, पण हात त्यानं सोडवून घेतला नाही.

आई एव्हाना रुमालावरची नाणी एकेक करून पेटीत भरू लागली होती. साल बिल तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं मी सांगेन त्या कप्प्यात ती ठेवत होती. अठ्ठावीसच्या कप्प्यात तिनं परत ते हळदीकुंकवाचं दहाचं नाणं सोडलं, आणि मी अडवलं नाही. शेवटी एकवीसचं राहिलं. ते तिनं हातात घेतलं, वजन पाहिल्यासारखं खालीवर केलं, बाईच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. रुद्रेशचा जीव वरखाली होत असणार, असल्या नाण्याला उघडा अंगठा लावत नाहीत.

“हे तू आणलंस न्हवं?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“मग हे कुणी मोडू नका. हे माझ्यासाठी राहू द्या.”

मला वाटलं, तिलाही आता नाणी आवडायला लागली. मग ती देवघराकडे पाहून सहज, बाजारहाटाचं बोलावं तशा आवाजात म्हणाली, “सोनार म्हणला, ह्या चांदीला दुसऱ्या चांदीचा रंग जुळत न्हाई. जोडीला बसायचं तर एका रंगाचं पाहिजे. त्यायचं त्यायनी आणलेल्यातलं झालं. माझं लेकीनं आणलेल्यातलं होऊ दे.”

शिवशंकरनं “आई” अशी हाक मारली. रुद्रेश आपला काटा पिशवीत भरायला लागला. मघाशी कप्प्यात दहाचं नाणं पाहून मला वाटलं होतं की याहून मोठा धक्का आज बसणार नाही. जे नाणं मिळवायला मी एवढी खटपट केली, ते मी माझ्या आईच्या टाकासाठी घेऊन आले होते. आणि आई उत्तराची वाट बघत होती, नाणं हातात धरून, तिकिटासाठी सुटे पैसे पुढं करावेत तशी.

“हाव,” मी तिच्याच बोलीत होकार दिला.

तिचं समाधान झालं. तिनं नाणं स्वतःच्या हातानं पहिल्या कप्प्यात बसवलं, झाकण लावलं आणि जेवणाची पानं घ्यायला उठली. रुद्रेशला तिनं आग्रहानं वाढलं, ठेचा जरा जपून खा म्हणाली.

आता मी दर महिन्याला अहमदपूरला जाते. पायातल्या चपला काढल्या की आधी कपाटावरची पेटी घेते आणि झाकण उघडून पहिल्या कप्प्यात बघते. नाणं जागेवर असतं. मग मी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारते.